वरच्या खोलीत राहणाऱ्या ७६ वर्षांच्या सासऱ्यांसाठी कोणता कूलर घ्यावा?

सिडकोची सून
मंगळवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. प्रश्न कूलरचा आहे, पण थोडं सविस्तर लिहिते.

आमचं नाशिकच्या सिडकोतलं जुनं घर. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दहा बाय बाराची एक खोली, ती आम्ही नंतर चढवलेली. वर जायला बाहेरून लोखंडी जिना. त्या खोलीत माझे सासरे राहतात, आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ७६, नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. म्हणजे गेल्या गुरुवारपर्यंत होती.

मी अंबडला पहिल्या शिफ्टला असते, साडेतीनला सुटते. मिस्टर सिन्नरला. मुलीची दहावीची व्हेकेशन बॅच सकाळी आठ ते एक, आल्यावर ती खाली हॉलमध्ये अभ्यासाला बसते. हॉल तिला मिळावा म्हणूनच नाना दोन वर्षांपूर्वी आपणहून वर गेले. "वर हवा येते," असं त्यांचं म्हणणं.

गुरुवारी चारला घरी आले, चहा टाकला, नानांना हाक मारली, उत्तर नाही. वर गेले तर खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचवर आणि नाना कॉटवर बसलेले. मला म्हणाले, "आज पगार झाला का?" मला वाटलं थट्टा करताहेत. पुन्हा तेच विचारलं, आणि माझ्याकडे बघत होते पण मला ओळखत नव्हते. अंग तापलेलं, बनियन कोरडं, ओठ सुकलेले. सकाळी उशाशी ठेवलेला तांब्या जवळजवळ भरलेलाच. शेजारच्या दादांना हाक मारून खाली आणलं, ओल्या पंचानं अंग पुसत राहिले, घोट घोट लिंबू सरबत दिलं. अर्ध्या तासानं माणसात आले. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडलंय, बीपीही खाली गेलंय. एक सलाइन लावलं आणि घरी सोडलं.

आता नाना म्हणतात, एवढं काही झालं नव्हतं. पेपरात ४१ आणि उष्णतेची लाट असं आलं तरी म्हणतात, नाशिकला कसलं ऊन? ते नोकरीला लागले तेव्हा घरात पंखासुद्धा नव्हता म्हणे. २०१९ च्या एप्रिलात पारा बेचाळीसच्या वर गेला होता, तेव्हाही हेच ऐकवत होते.

तर दोन गोष्टी सांगा. वरच्या खोलीला किती लिटरचा कूलर पुरेल? एसीचं बिल आणि वायरिंग दोन्ही झेपणारं नाही. आणि या माणसाला पाणी पाजायचं कसं? ताक ठेवलं तर आंबून जातं, पन्हं ठेवलं तर मुंग्या खातात.

भुसावळकर
मंगळवार, रात्री ११.३२

ताई रागावू नका, पण ४१ ला नाशिकवाले उष्णतेची लाट म्हणायला लागले की आमच्याकडे हसतात. आमच्याकडे पंचेचाळीस झाले की लोक म्हणतात, आज जरा तापलंय.

हवामानवेडा
बुधवार, सकाळी ६.५५

भुसावळकर, हसण्यासारखं काही नाही. हवामान खातं मैदानी भागात लाट कधी म्हणतं? कमाल तापमान किमान ४० आणि त्या जागेच्या त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त. पारा थेट ४५ ला टेकला तर सरासरी बघायची गरजच उरत नाही. म्हणजे एक्केचाळीस तुमच्याकडे रोजचं असेल, नाशिकला नाही. शरीरही त्या त्या गावच्या हवेला सरावलेलं असतं, आणि तो सराव व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. एकदम पारा चढला की पहिले काही दिवसच जास्त वाईट.

नाशिकची जमेची बाजू म्हणजे रात्र. गाव सहाशे मीटर उंचीवर आहे, कोरड्या हवेत पहाटेपर्यंत बाहेर चांगलं निवतं. ती थंडी आत घेणं आणि दिवसा कोंडून ठेवणं, एवढं जमलं तरी बराच फरक पडतो.

भुसावळकर
बुधवार, सकाळी ७.४०

बरं बाबा, मान्य. ताई, आता खरंच कामाचं सांगतो. भर दुपारी खिडक्या उघड्या का ठेवता तुम्ही लोक? बाहेर ४१ असताना ती हवा नसते, भट्टीचा झोत असतो. आमची आजी धाब्याच्या घरात राहायची, वर हातभर माती. सकाळी नऊला दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत अंधार गुडूप. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की मगच उघडायचं. उन्हाशी भांडायचं नाही, त्याला दारातूनच परत पाठवायचं, असं म्हणायची.

मोटरवाला
बुधवार, दुपारी २.१५

ताई, मी त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला कूलर आणि मोटरी दुरुस्त करतो, त्यामुळे लिटरचं मी सांगतो. दहा बाय बाराला ३५-४० लिटर भरपूर झाला. मोठ्या टाकीनं गारवा वाढत नाही, फक्त पाणी भरायच्या खेपा वाचतात.

पण कूलर खोलीच्या मधोमध ठेवून दार लावून घ्याल तर पैसे पाण्यात. कूलर गार करतो ते पाणी उडून जातं म्हणून. बाहेरची कोरडी हवा आत खेचली पाहिजे आणि आतली ओली हवा बाहेर गेली पाहिजे. म्हणून तो खिडकीत बसवा, पाठ बाहेर, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. भुसावळकर भाऊ म्हणतात ती बंद खिडकी कूलर नसताना. नाहीतर तासाभरात चिकचिक होते आणि गिऱ्हाईक मला फोन करतं की कूलर बिघडला. टाकीत बर्फ टाकणारेही खूप. पाच मिनिटं बरं वाटतं, पुढे काही नाही.

पत्र्याच्या बॉडीचा घेतलात तर अर्थिंग तपासून घ्या. थ्री पिनच हवी, तिसरी पिन तोडलेली चालणार नाही. पाणी भरताना प्लग काढलेला. नुसतं बटण बंद नाही, प्लग काढलेला. ही गोष्ट मी रोज चार जणांना सांगतो आणि तीन जण हसतात.

आणि खरं सांगू का, गिऱ्हाईक हातचं घालवतोय, पण तुमचं दुखणं स्लॅबचं आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातपासून खाली सोडत बसतो. तुम्हाला वाटतं ऊन उतरलं, खोलीत मात्र तेव्हाच भट्टी लागते. गच्चीला चुना मारा. चुना भिजवून गाळायचा, त्यात फेव्हिकॉल, झाडू घेऊन दोन हात. पांढऱ्या रंगानं ऊन परत जातं. संध्याकाळी पाणी मारतात लोक, त्यानंही निवतं, पण सिडकोत पाणी किती वेळ येतं ते तुम्हाला माहीत.

निफाडचा बागाईतदार
बुधवार, रात्री ९.०५

मोटरवाल्या भो, चुन्याच्या वर शेडनेट बांधली तर? माझ्याकडे रोपवाटिकेची जुनी हिरवी नेट पडून आहे. ताई, नाशिकला येतो तेव्हा देऊन जाईन, पैसे नकोत. फक्त स्लॅबला चिकटवून टाकू नका, चार बांबू लावून कमरेएवढी उंच ताणा, खालून वारा फिरला पाहिजे.

आमच्याकडे आता द्राक्षाची खरड छाटणी चालू आहे. पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात. पूर्वी नऊला काम सुरू व्हायचं. तीन वर्षांपूर्वी बागेत एक पोरगा भोवळ येऊन पडला, तेव्हापासून सकाळी सहाला सुरू आणि साडेअकराला बंद, पुन्हा चारनंतर. कामाला काही उशीर होत नाही, उलट छाटणी नीट होते. नवीन माणसाला पहिले तीन-चार दिवस अर्धंच काम देतो. मुकादम कुरकुरला आधी.

खिशात कांदा ठेवा म्हणून सांगणारे आता इथे येतीलच. तसं असतं तर लासलगावात कुणाला ऊनच लागलं नसतं. कांदा जेवणात खा.

निवृत्त सिस्टर
गुरुवार, पहाटे ५.२०

सूनबाई, तुमचं वाचलं आणि झोप उडाली. चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत, म्हणून स्पष्ट लिहिते.

तुमचे नाना "आज पगार झाला का" म्हणाले, तिथेच खरं तर १०८ ला फोन करायचा होता. ऊन लागून चक्कर येणं, घाम फुटणं, मळमळणं, पायात गोळे येणं ही एक पायरी. तिथे सावली, गार पाणी, आडवं करणं, सरबत यानं भागतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झोकांड्या खायला लागला, तर ती दुसरी पायरी, तो उष्माघात धरायचा. शरीर चाळीस अंशांच्या पुढे गेलं की मेंदूला झळ बसते. म्हाताऱ्यांचं अंग कोरडं पडतं. शेतात राबणाऱ्या तरण्या माणसाला त्याही वेळी घाम असू शकतो, म्हणून घामावर जाऊ नका, बोलण्यावर जा.

अशा वेळी फोन एकानं करायचा आणि दुसऱ्यानं त्याच क्षणी गार करायला लागायचं. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. कपडे सैल करा, अंगावर बादलीनं पाणी ओता, पंखा सोडा, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध डळमळीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरबतसुद्धा. ठसका लागून श्वासनलिकेत जातं. तुम्ही दिलंत आणि निभावलं, पुढच्या वेळी नको. आणि तापाची गोळीही नाही. तो ताप नसतोच, बाहेरून चढलेली उष्णता असते, गोळीचा तिथे उपयोग शून्य.

ओल्या पंचानं पुसलंत ते मात्र उत्तम. नुसता पंखा पाचवर ठेवून काय होतं? खोली चाळीसच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. अंग ओलं असेल तरच त्याचा फायदा.

बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. काहींमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो. उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा की कमी करायचा, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. रोज किती पाणी द्यायचं तेही विचारा, हृदय किंवा किडनीचं काही असेल तर भसाभस पाणी पाजणंही चुकीचं.

ओआरएसचं पाकीट घरात ठेवा. अख्खं पाकीट अख्ख्या लिटरात, अर्धं पेल्यात नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नावानं विकली जायची, २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला मनाई केली. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मात्र बीपीवाल्याला हे रोजचं सरबत म्हणून नाही, ऊन लागल्यावर. रोज साधं पाणी, पातळ ताक, मीठ बेतानं.

लोकांना वाटतं सलाइन लावलं म्हणजे खरा इलाज झाला. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं जगवली. तोंडानं घेता येत असेल तर तोंडानं घेतलेलं पाणी कमी दर्जाचं नसतं.

आता माझा प्रश्न. सगळे तुम्हाला सांगताहेत पाणी पाजा. नाना पाणी का पीत नाहीत, हे कुणी त्यांना विचारलंय का? म्हातारपणी तहान कमी लागते हे खरं. पण माझ्या अनुभवात निम्मे म्हातारे तहान लागूनही पीत नाहीत. संडास-बाथरूम कुठे आहे तुमच्याकडे?

सिडकोची सून
गुरुवार, रात्री १०.४८

सिस्टर, तुमचा शेवटचा प्रश्न कंपनीत डबा खाताना वाचला आणि घास तोंडातच राहिला. बाथरूम खाली आहे. वर नाहीये.

मी विचारलं नाही, सुनेला सांगायची गोष्ट नाही ती. मिस्टरांना विचारायला लावलं. आधी उडवाउडवी केली, मग बोलले. दोन वर्षांपासून लघवीला तासा-तासाला लागते. जिन्याला चौदा पायऱ्या. अकरा वाजल्यानंतर जिन्याचं रेलिंग इतकं तापतं की हात ठेवला की चटका बसतो, आणि हात न धरता उतरायची त्यांना भीती वाटते. म्हणून सकाळी नऊनंतर ते पाणीच पीत नाहीत, थेट पाचला सावली आली की पितात. रात्री अंधारात उतरावं लागू नये म्हणून सातनंतर पुन्हा बंद. "तुम्हाला कशाला त्रास," म्हणाले.

दोन वर्षं! आणि मी रोज तांब्या भरून ठेवत होते आणि संध्याकाळी तोच तांब्या झाडांना ओतत होते. कधी मनात आलं नाही.

गोळीत पाण्याचं औषध आहेच, डॉक्टरांनी उद्या बोलावलंय. प्रोस्टेटचंही दाखवणार आहोत.

जुन्या नाशकातला
शुक्रवार, सकाळी ८.१०

वाचून गलबललं. आमच्या वाड्यात संडास मागच्या अंगणात होतं, आजोबा शेवटची दोन वर्षं असेच अर्धा पेला पाणी पिऊन राहायचे. भिंती दोन फुटी, आतला चौक गार, पण या बाबतीत वाड्याचे काय गोडवे गायचे.

नानांना खालीच आणा की. कूलरपेक्षा स्वस्त.

मोटरवाला
शुक्रवार, सकाळी ९.३०

झालं, गेलं माझं गिऱ्हाईक. पण बरोबर आहे. खालच्या हॉलवर वरची खोली आहे, म्हणजे स्लॅबला आयती सावली. कूलर घ्यायचाच तर खालीच घ्या, पोरीलाही होईल.

सिडकोची सून
दोन आठवड्यांनंतरचा शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, काय काय केलं ते सांगते.

नाना खाली यायला तयार नव्हते. "पोरीची दहावी," हेच पालुपद. शेवटी पोरीनंच तोडगा काढला. सकाळी बॅचला जाईपर्यंत ती वरच्या खोलीत अभ्यास करते, तेव्हा तिथे छान वाटतं. दुपारी चौकातल्या अभ्यासिकेत जाते. संध्याकाळी नानांचा टीव्ही बंद, आठला बातम्यांपुरता चालू. या करारावर दोघांच्या सह्या आहेत, फ्रिजवर लावलाय.

नानांची कॉट बाथरूमच्या दारापासून सहा पावलांवर. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, दिवसाला दोन-सव्वादोन लिटर चालेल म्हणाले. ते मोजायचं कसं, तर एक लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवते, एक दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, दुसरी संध्याकाळपर्यंत. तांब्यातलं किती गेलं ते कळत नव्हतं, बाटलीतलं कळतं. प्रेसमधला माणूस, हिशेब दिला की चोख ठेवतो. शिवाय शेजारच्या काकू बाराला हाक मारून जातात. त्यांनी नावच विचारायचं ठरलंय, म्हणजे बोलणं ठीक आहे का ते कळेल. नाना रोज वेगळं नाव सांगतात आणि काकू घाबरतात, हा नवीनच ताप.

गच्चीला चुना मारला, मिस्टर आणि मी, दोन संध्याकाळी. निफाडच्या दादांनी खरंच नेट आणून दिली, सोबत पाटीभर कांदे. मुलीनं शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला थर्मामीटर आम्ही रात्री नऊला दोन्हीकडे ठेवून बघायचो. चुन्याआधी वर ३८, खाली ३४. परवा वर ३५, खाली ३३. बाहेरचं ऊन तेवढंच आहे, हवामानवेडे सांगतीलच.

कूलर घेतला, हॉलच्या खिडकीत पाठ बाहेर करून बसवलाय, समोरची खिडकी चार बोटं. जुनाच मिळाला, भावाकडे पडून होता, धुऊन आणलाय म्हणाला.

एक नवीन तक्रार. नाना म्हणतात, वर डास नव्हते, खाली रात्रभर डास चावतात, मला परत वर जाऊ द्या. मोटरवाले दादा, यावर काही उपाय?

मोटरवाला
शनिवार, रात्री ९.५५

ताई, कूलर येऊन किती दिवस झाले? आणि टाकी तुम्ही स्वतः कधी रिकामी करून घासलीत?

सिडकोची सून
शनिवार, रात्री १०.०१

दहा दिवस. रोज वरून पाणी भरतोय.

मोटरवाला
शनिवार, रात्री १०.०४

बॅटरी घेऊन टाकीत बघा. वळवळ दिसेल. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवीन पिढी तयार. म्हणून तर महापालिकेवाले कोरडा दिवस पाळा म्हणतात. आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची, कडा ब्रशनं घासायच्या, अंडी कडेला चिकटून असतात. प्लग काढून.

सिडकोची सून
शनिवार, रात्री १०.१२

बघितलं. नानांना बोलवून दाखवलं, तेही बॅटरी घेऊन दहा मिनिटं बघत होते. आता ब्रश शोधताहेत. मी म्हटलं उद्या रविवार आहे, उद्या करू. ऐकत नाहीयेत.